उसना गडी

माझं माहेर आणि सासर कोल्हापुरातल्या दोन पेठांत. मधे एक रस्ता आणि एक पिठाची गिरणी, एवढंच अंतर. दोन्ही पेठांच्या तालमींचे फुटबॉलचे संघ होते आणि त्यांचं हाडवैर होतं. माझे भाऊ जिंकणाऱ्या तालमीचे, नवरा हरणाऱ्या तालमीचा. सामना झाला की भाऊ गुलाल उधळत आमच्या दारावरून जायचे आणि नवरा ताट बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी ताट झाकून ठेवायची. मला दोन्हीकडून बोलायची सोय नव्हती. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण हरलेल्या माणसाशी काय बोलू नये ते मी त्या घरात पुरतं शिकले. 'पुढच्या वेळी जिंकाल' हे तर कधीच बोलू नये.

म्हातारपणी मुलाकडे आले, ऑस्ट्रेलियात, वेरिबी नावाच्या गावाला. वाटलं, फुटबॉल सुटला. पण नातू युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथल्या संघात खेळायला लागला. मुलगा आणि सून आठवडाभर राबून शनिवारी दुपारी झोपतात. नातू मला गाडीत बसवून मैदानावर न्यायचा. माझी काही हौस नव्हती, पण घरी बसून तरी काय करणार, वॉशिंग मशीनचा आवाज ऐकणार?

त्या वर्षांत जिकडे बघावं तिकडे आपली शिकायला आलेली पोरं. ट्रेनमध्ये, पेट्रोल पंपावर, भाजीच्या दुकानात. एकेका खोलीत चौघं चौघं गाद्या टाकून राहायची. नातवाच्या युनीला मैदानं, पोहायचा तलाव, सगळं काही. पण काही कॉलेजं अशी होती की शहरातल्या एखाद्या इमारतीचा एक मजला म्हणजे कॉलेज, खाली केस कापायचं दुकान. स्पर्धेत संघ मोजकेच, त्यामुळे तसल्याच एका कॉलेजचा संघ नातवाच्या संघाशी वरचेवर खेळायचा. खेळायचा म्हणजे हरायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूला जाऊन बसले ती दयेपोटी नव्हे. आमच्या बाजूला समुद्राकडून वारा यायचा आणि माझे गुडघे धरायचे. त्यांच्या बाजूला ऊन होतं. काठी टेकत पोचले तर मैदानातून आवाज आला, "आरं डोळं फुटलं काय तुझं? माणूस सोडून बघतोस कुठं?"

इतक्या लांब येऊन ही भाषा कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. ओरडणारा त्यांचा कप्तान होता, कागलकडचा. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला आला आणि माझं लुगडं बघून थांबला.

"आजी, तुम्ही कुणाकडच्या?"

"तिकडच्या. माझा नातू आहे त्यांच्यात. पण ऊन इकडं आहे."

"बसा की मग. ऊनच तेवढं हाय आमच्याकडं."

त्यानंतर मी दर वेळी तिकडेच बसायला लागले. नातवाला आवडायचं नाही. "आजी, दॅट्स द अदर टीम," म्हणायचा. मी म्हणायची, माझे गुडघे कुठल्या टीममध्ये नाहीत.

त्या बाकावरची मंडळी मोजकी. रात्रपाळी करून आलेली दोन-तीन पोरं, जी बसल्या बसल्या झोपायची. आणि त्यांच्या कॉलेजात काउंटरवर काम करणारी एक गोरी बाई, माझ्यापेक्षा थोडी लहान. घडीची खुर्ची, मांडीवर रग, डोक्यावर लोकरीची टोपी. पोरं फी भरायला यायची आणि काउंटरवरच रेंगाळायची, कारण खोलीवर जाऊन करायचं काय. ते बघून तिनेच हा संघ उभा केला होता, असं कप्तानाने सांगितलं. तिचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, माझं तिला त्याहून कमी. पण गोल खाल्ल्यावर छातीतून जो आवाज निघतो तो सगळीकडे सारखाच. पहिल्या गोलाला ती रेफरीला बोलायची. दुसऱ्याला गप्प व्हायची. चौथा झाला की पिशवीतून लोकर काढून विणायला बसायची. मी भडंग न्यायची. तिने एकदा मूठभर खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढे केला.

ती पोरं वाईट खेळत नव्हती. खरं कारण शिफ्ट. शनिवारी दुपारी गोदामातून फोन आला की गडी निम्मा सामना सोडून पळायचा. नाही गेलं तर पुढच्या आठवड्यात बोलावत नाहीत. अकरा जण मी त्यांच्याकडे कधी बघितलेच नाहीत. सात जण मैदानात असले तर सामना धरायचा, कमी असले तर हरल्यात जमा, असा नियम होता. आणि एका हंगामात तीनदा तसं झालं तर संघ स्पर्धेतून बाद. त्या साली त्यांचं दोनदा झालं होतं.

"बाद झालो तर कॉलेज परत संघ काढणार नाही," कप्तान म्हणाला. "ऑफिसात तर म्हणतातच, बंद करा ही थेरं."

"मग झोप काढ शनिवारी. तोंड बघ तुझं."

"झोपून काय करू, आजी? आठवड्यात ह्याच दिवशी मी मराठीत शिव्या देतो. बाकी सगळे दिवस नुसतं सॉरी सॉरी."

 खरं बोलत होता.

शेवटचा सामना नातवाच्या संघाशीच होता. गार दिवस, आभाळ राखेसारखं. मी बाकावर बसले आणि सवयीने त्यांची डोकी मोजली. सहा. एकाला गोदामाने बोलावलं होतं आणि दुसरा फोन उचलत नव्हता. कप्तान मैदानाच्या कडेला फोन कानाला लावून येरझारा घालत होता. बाकावर त्या दिवशी एकच झोपाळू पोरगं होतं; ते उठून उभं राहिलं, पण त्याचा पाय प्लास्टरमध्ये. रेफरीने घड्याळ बघितलं. बाईने आज सामना सुरू व्हायच्या आधीच लोकर काढली होती.

तिकडे नातवाचे मित्र हसत होते. न खेळता जिंकणार होते. हे हसू मला ओळखीचं होतं. माझ्या भावांचं होतं.

मी काठी घेतली आणि सरळ मैदानातून चालत पलीकडे गेले. रेफरी काहीतरी ओरडला. ओरडू दे.

"काय रे," मी नातवाला म्हटलं, "तिकडे एक गडी कमी आहे."

"आय नो, आजी. वी विन."

"कसलं विन? लहानपणी आम्ही हुतूतू खेळायचो तेव्हा समोर गडी कमी पडला तर आपल्यातला उसना द्यायचो. जा तिकडे."

"आर यू सीरियस? आजी, नो वे! हे माझे मेट्स आहेत."

"मेट्स कुठं पळून जात नाहीत. तुम्ही अकरा, ते सहा. एवढी भीती वाटते होय रे त्यांची?"

हे त्याला लागलं. त्याने आपल्या कप्तानाला काहीतरी सांगितलं. तो उंच, लाल केसांचा पोरगा आधी हसला, मग माझ्याकडे बघून गंभीर झाला. खांदे उडवून "नो वरीज" म्हणाला. रेफरी म्हणाला, दोघा कप्तानांना चालत असेल तर मला काय.

तर नातू दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून खेळला. शर्ट त्याला आखूड होता. पहिली काही मिनिटं तो नुसता उभा होता, नवीन जागी बांधलेल्या बैलासारखा.

"पळ की रं!" कागलकर ओरडला. "युनीचा जावई हाईस काय?"

बाकावरचं पोरगं एकदम जागं होऊन हसलं. नातू लाल झाला आणि पळायला लागला. एकदा त्याने आपल्याच मित्राचा बॉल पायातून काढून घेतला. मित्र ओरडला, "ट्रेटर!" नातवाने मागे वळून बघितलं नाही. शेवटी शेवटी त्याने पुढे बॉल दिला आणि कप्तानाने जोरात मारला. आम्ही सगळे उभे राहिलो, प्लास्टरवालासुद्धा. बॉल खांबाला लागून बाहेर गेला. आम्ही बसलो.

सात गोलांनी हरले. पण सामना झाला होता, संघ वाचला होता. कप्तान गवतात उताणा पडून आभाळाकडे बघून हसत होता. मला वाटलं, निदान ती बाई तरी मला धन्यवाद देईल. ती खुर्ची मिटत मिटत बरंच काही बोलली. मी कप्तानाला विचारलं, काय म्हणते?

तो उठून बसला. हसू आवरत नव्हतं. "म्हणते, आज सुटका होणार होती माझी. पुढच्या हिवाळ्यात बहिणीकडं जाणार होते, उत्तरेला, जिथं ऊन असतं. आता ह्या बाईनं आणखी एक वर्ष बसवलं."

"मग येऊ नको म्हणावं."

त्याने तिला सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला भाषांतर लागलं नाही. न येऊन कसं चालेल? माझ्या नवऱ्यालाही मी हेच म्हणायची, जाऊ नका. तो चप्पल घालून निघायचा.

 गाडीत नातवाचा फोन सारखा वाजत होता. मित्र चिडवत असणार. संध्याकाळी जेवायला हाक मारली तर म्हणाला भूक नाही, आणि खोलीत जाऊन पडला. तो याआधी कधी हरलाच नव्हता. सून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला त्याला मधे घातलंत?" तिचंही बरोबर होतं. मी ताट झाकून ठेवलं.

पुढच्या थंडीत पहिल्या सामन्याला गेलो. नातू त्याच्या बाजूला गेला, मी माझ्या. कप्तानाच्या जागी कुणी नवा पंजाबी पोरगा होता. कागलकर आता प्लास्टरवाल्याच्या जागी बसला होता, कारण त्याला गोदामात कायमची नोकरी लागली होती आणि पाठ गेली होती. शिव्या बसून देत होता. मैदानात त्यांचे आठ जण होते, म्हणजे बरीच प्रगती.

बाईने बाकावरची पिशवी उचलून मला जागा केली. बहिणीकडे गेली नव्हती.  शिट्टी अजून व्हायची होती आणि तिने लोकर बाहेर काढलेली होती.