पाठक बाईंना जेवू घालायला पुण्याला

मी पदवीधर झालो तो पाठक बाईंमुळे. नववीत वडील मला वीटभट्टीवर न्यायला निघाले, तेव्हा बाई भर उन्हात वरोऱ्यातल्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि वडिलांचा होकार मिळेपर्यंत हलल्या नाहीत. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "नको, शाळेतून पिऊनच निघाले," बाई म्हणाल्या. पुढेही आईने पानगे (पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड पोळ्या) केले की बाईंना निरोप जायचा. बाई कधी आल्या नाहीत. वडील म्हणायचे, "बाई लय चांगल्या हायेत. पन आपल्या घरचं पानी नाई घेतलं त्याइनं." आम्ही बौद्ध. वडिलांना काय म्हणायचे होते ते मला कळत होते. ते खोटे ठरावे, असे मला फार वाटायचे.

निवृत्तीनंतर बाई मुलीकडे धायरीला राहतात. यंदा धीर करून मी नागपूरहून फोन केला. "बाई, पुण्याला आलो तर माझ्याबरोबर जेवाल?"

"जेवीन की. ये."

सोमवारी ऑफिस, म्हणून एकाच रविवारचे जाण्यायेण्याचे विमान ठरवले.

साडेनऊचे विमान सव्वाबाराला सुटले. उशीर होत आहे, हे दर अर्ध्या तासाने गोड आवाजात सांगण्यात आले. का, ते एकदाही नाही. खिडकीची जागा मुद्दाम मागून घेतली होती. खिडकीत फक्त विमानाचा पंख होता. गरम पाणी ओतलेल्या पोह्यांचा डबा हाती आला. आठ मिनिटे उघडू नका, म्हणाले. मी उपाशी, तरी घड्याळ लावून बसलो. सातव्या मिनिटाला विमान उतरू लागले आणि डबा परत नेला.

लोहगावला टॅक्सी शोधण्यात आणखी वीस मिनिटे गेली. येरवड्याला तिसऱ्यांदा सिग्नल लाल झाला, तेव्हा मी चालकाला म्हणालो, "दादा, जरा लवकर होईल का?"

"एवढी घाई होती तर काल यायचं ना, साहेब."

बुधवार पेठेजवळच्या, भेटायचे ठरले होते त्या भोजनालयात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. बाई बाकावर बसून होत्या. दोन तास. मी पाया पडलो.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "अरे, एक चूक झाली. आज संकष्टी."

आमच्या घरी उपवास कुणी करत नाही. तारीख ठरवताना तिथी पाहायची असते, हे मला सुचलेच नव्हते.

"आधी सांगायचं ना, बाई!"

"मलाच काल लेकीनं सांगितलं. तुझं तिकीट निघालेलं. काय सांगू?"

आणि माझ्या मनात नको तो विचार आला. हाही 'शाळेतून पिऊनच निघाले' यातलाच प्रकार तर नाही?

मी गल्ल्याकडे गेलो. "साबुदाण्याची खिचडी मिळेल?"

"संकष्टीला, अडीच वाजता? बारालाच संपली."

"उपासाचं दुसरं काही?"

"पाणी आहे. आणि थाळी तीनपर्यंत. जेवायचं असेल तर बसा."

बसलो. बाईंसमोर कॉफी, माझ्यासमोर थाळी. "ह्याला वरण वाढा अजून. लाजतोय तो," बाई वाढप्याला सांगत राहिल्या. म्हणजे जेवू घालायला मी आलो होतो आणि घालत त्या होत्या.

"चंद्रोदय सव्वानऊला आहे. थांबतोस तोवर?"

"सातचं विमान आहे, बाई."

त्या कपाकडे बघत राहिल्या. "तुझ्या आईनं किती वेळा बोलावलं मला. गेले नाही मी."

मी घास खाली ठेवला. विचारणार, इतक्यात मागून आवाज आला, "तीन वाजले. गप्पा बाहेर मारा, टेबल पुसायचंय."

बाहेर पहिलीच रिक्षा थांबली, बाई बसल्या, आणि पुण्यात प्रथमच एखादी रिक्षा काही न बोलता धायरीला निघाली.

सातचे विमान सव्वानऊलाही लोहगावलाच उभे होते. चंद्र उगवला, धायरीत बाई जेवायला बसल्या असतील, आणि मी कागदी कपातला चहा घेऊन फलकाकडे बघत होतो. विमानवाल्यांवर भरपूर चिडलो. पण रस्त्यावर, रिक्षा येईपर्यंत, मला विचारता आले असते. मी विचारले नाही, त्यात विमानवाल्यांचा काही हात नव्हता.

घरी येऊन पत्र लिहिले:

"ती. बाईंना सविनय नमस्कार.

आईने बोलावले तरी गेले नाही, असे तुम्ही म्हणालात. का, ते मला विचारायचे होते. वडील गेले, त्यांनाही हे शेवटपर्यंत कळले नाही. तुम्ही दारात उभ्या राहिलात म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच दुसऱ्या कुणाला न विचारता तुम्हालाच विचारतो आहे.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतो. हॉटेल नको. तुमच्या स्वयंपाकघरात आई स्वयंपाक करील आणि आपण तिघे एकत्र जेवू. तिला अजून बोललेलो नाही. तुमचे उत्तर आले की सांगेन.

दिवस तुम्ही ठरवा. आणि नाही म्हणायचे असेल तर रागावू नका, नुसते नाही म्हणा. तिथी सांगू नका.

तुमचा विद्यार्थी,
विजय"