पाय न मोडलेला रोगी

माझ्या हातून एक धडधाकट माणूस भरदिवसा खाटेला बांधला गेला. कसा, ते ऐका. हसायचं ते शेवटी हसा.

लढाईचे दिवस होते. कारंज्याच्या कमिटीनं, म्हणजे नगरपालिकेनं, सोळा ते वीस वर्षांच्या पोरांसाठी प्रथमोपचाराचा फुकट वर्ग काढला होता. शिकवायला दवाखान्यातले कंपाउंडर. मी आणि माझा दोस्त रहीम, दोघांनी नाव घातलं. पास झालं की बिल्ला मिळणार होता. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. बिल्ला लावून मुलीवाल्यांसमोर बसायचं, एवढीच माझी हौस.

परीक्षेच्या दुपारी कंपाउंडर म्हणाले, "कापसाच्या जिनिंगच्या मांगं लिंबाखाली आपला मानूस पडून राहीन. पाय मोडला समजा. बांधा अन् खाटेवर इथं आना. तो ओरडन, नाही म्हनन. आयकायचं नाही."

तिथं कडुलिंबाची झाडं दोन आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही. पहिल्याच झाडाखाली पागोटं उशाला घेऊन एक जाडजूड गृहस्थ झोपले होते. मी सरळ त्यांच्या पायाला फळ्या लावल्या.

ते दचकून उठले. "काय करून राह्यला बे?"

"पाय मोडला तुमचा, काका. हालू नका."

"कोन म्हन्ते? आत्ता चालत आलो ना मी!"

रहीम माझ्या कानाशी आला. "अबे, याले खरंच राग आला वाटते."

"सोंग बेस करून राह्यला. धर दुसरा पाय."

ते जितकी झटापट करत, तितकं आम्ही आवळत गेलो. शेवटी हातही बांधले. बाजारातून खाट निघाली तर दोन्ही बाजूंना ही गर्दी! कोणी विचारलं की मी सांगे, "पाय मोडला." खाटेवरून आवाज येई, "खोटं बोलते हा." एका म्हातारीनं तर "दुखण्यानं डोस्कं फिरलं बिचाऱ्याचं" म्हणत त्यांच्या तोंडावर पाणी मारलं.

दवाखान्यात कंपाउंडर खाटेवर वाकले. मग म्हणाले, "हा कोन?"

उत्तर खाटेवरूनच आलं. "मी मानोऱ्याचा. रामराव कास्तकाराच्या घरी पोरगा पाहाले आलो. ऊन उतरू द्याव म्हनून आडवा झालतो."

रामराव म्हणजे माझे वडील. आणि पोरगा म्हणजे, काय सांगू, मीच.

मी गाठी सोडायला धावलो, पण आवळल्या अशा होत्या की एक सुटेना. कात्री आणावी लागली.

हात मोकळे होताच त्यांनी रहीमला विचारलं, "तुले माहीत हाय काय रे तो पोरगा?"

रहीमनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "हाय ना, काका. कामाले लई पक्का हाय. तुमी पाह्यलंच."

ते समजले. माझ्याकडं वळून मनगट चोळत म्हणाले, "हात बळकट हायेत याचे."

बिल्ला गेला. खरा रोगी दुसऱ्या झाडाखाली दिवेलागणीपर्यंत आमची वाट बघत पडला होता.

लग्न मात्र झालं. सासरे वर्षातून दोनदा यायचे, मायेनं बोलायचे. पण मी घरात असलो की कितीही थकले तरी आडवे म्हणून होत नसत. भिंतीला टेकून, बसूनच झोप काढायचे.