काट्याची उंची
रेडिएटरच्या तापलेल्या पाण्याचा वास आला की धुळ्यातलं ते दुकान आठवतं. पिंपळनेरच्या चढावर केळी भरलेली माझी पिकअप तापून बंद पडली होती, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेपर्यंत उशीर झाला होता. म्हणून इंजिनाची उष्णता दाखवणारा वेगळा मीटर घ्यायला आम्ही गेलो. दुकानदार रंगीत दिव्यांचे मीटर माझ्या नवऱ्यालाच दाखवत होता. मी पांढऱ्या तबकडीचा, ठळक आकड्यांचा उचलला. बसवताना तो म्हणाला, "भाऊ, स्टेअरिंगवर बसा, तुमच्या नजरेला येईल असा लावतो." माझ्याहून वीतभर उंच असलेले हे बसलेसुद्धा. मी दार उघडलं. "खाले उतरा. गाडी मी चालाडस, काटा माले दिसाले जोयजे." आजही हे गाडी चालवायला बसले, की काटा बघायला यांना मान वाकवावी लागते.