थांबा म्हटलं की थांबायचं

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शूटिंग रेंजवर तेवीस वर्षं नवख्यांना शिकवतायत, आणि त्यातली अकरा वर्षं मी तिथल्याच काउंटरवर नावं लिहून घेते. म्हणजे हा माणूस मला घरीही पुरतो आणि कामावरही. घरात सुरी हातातून हातात द्यायची नाही. एकानं ओट्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. भाच्यानं खेळातली पिचकारी रोखली तरी यांच्या कपाळाला आठी.

तरी घरचं परवडलं. नवखे म्हणजे डोक्याला ताप! बंद गळ्याचे कपडे घाला म्हणून फोनवर दोनदा सांगावं, तर नेमके उघड्या गळ्याचे घालून येतात, आणि गरम रिकामं काडतूस आत पडलं की नाचतात. रायफल हातात आली रे आली की फोटोसाठी मागे वळतात, नळीसकट. "नळी समोर! बोट ट्रिगरवर नको!" हे ओरडून दमतात, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका नियमात मात्र मास्तर कुणाचं चालू देत नाहीत. काही वावगं दिसलं तर कुणीही 'थांबा' ओरडायचं. ज्याला ऐकू येईल त्यानं तोच शब्द ओरडून पुढे पोचवायचा, बंदूक खाली ठेवायची, मागे सरायचं. त्यानंतर ज्याची गोळी सुटेल, तो रेंजबाहेर, कायमचा. एका बड्या साहेबाच्या मुलाला यांनी असंच घालवलं. साहेबांचे चार फोन आले, हे बधले नाहीत.

आणि अशा माणसाचे कान गेलेत. तरुणपणी गोळीचा आवाज अडवणारे मफ कानावर घालणं यांना कमीपणाचं वाटायचं, ते आता भोवतंय. दोन वर्षं मी तपासणीसाठी मागे लागलेय. "मला सगळं ऐकू येतं," एवढंच उत्तर. खरं तर लोकांच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेतात. तपासणीत नापास झाले तर फायरिंग लाइनवर उभं राहता येणार नाही, ही यांची भीती. आणि मी तरी कुठली शहाणी? काउंटरच्या काचेमागून खुणा करून सांभाळून घेत राहिले.

मागच्या रविवारी सहा नवखे आले. त्यांतल्या एक बाई शिवणकाम करणाऱ्या. प्रश्न विचारून विचारून त्यांनी नाकी नऊ आणले. मफच्या आत कानातले चालतील का, चष्म्यावर चष्मा कसा घालायचा. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, मी आज पहिल्यांदा आलेली बाई. मी थांबा म्हटलं तर ऐकणार कोण?"

"इथे जो थांबा म्हणेल तो माझा साहेब," हे म्हणाले.

अर्ध्या तासानं चौथ्या लेनमधल्या गृहस्थांना आठवण म्हणून रिकामं काडतूस घरी न्यायची हुक्की आली. ते लाल रेषेपलीकडे, टार्गेटच्या बाजूला घरंगळलं होतं. गृहस्थ खुशाल वाकून पलीकडे गेले!

"थांबा!" शिवणकामवाल्या बाई किंचाळल्या. बाकीच्यांनी शब्द उचलला, रायफली खाली ठेवल्या, मागे सरले. मी काचेवर मुठी आपटत ओरडत होते. पहिल्या लेनमध्ये हे सगळ्यांकडे पाठ करून, रायफल खांद्याला लावून, एका मुलीला नेम दाखवत होते. मुलगीसुद्धा मागे सरली. यांनी गोळी झाडली.

गोळी टार्गेटमध्ये बरोब्बर गेली. गृहस्थ तीन लेन पलीकडे होते, कुणाला खरचटलंही नाही.

हे वळले. सगळे मागे उभे, रायफली खाली, आणि सगळे यांच्याकडे बघतायत. यांनी रायफल रिकामी करून ठेवली आणि सरळ माझ्या काउंटरवर आले.

"तू ओरडलीस?"

मी मान डोलावली.

"सगळे ओरडले?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली, पाच नवखे आणि सहावी मी.

"मग नाव लिही." मी पेन उचलेना, तेव्हा स्वतःच रजिस्टर ओढलं आणि बंदी घातलेल्यांच्या पानावर, साहेबाच्या मुलाच्या खाली, आपलं नाव लिहिलं.

शिवणकामवाल्या बाई रडवेल्या झाल्या. "मास्तर, मी उगीच ओरडले हो."

"बाई, तुम्ही बरोबर शिकलात," हे म्हणाले आणि नवख्यांच्या बाकावर जाऊन बसले. दिवसाची शिकवणी बोलावून घेतलेल्या दुसऱ्या शिक्षकानं संपवली.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. राग, कीव, काय नि काय दाटून आलं होतं. "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे. आता एक सबब ऐकायची नाही मला!"

यांनी मफ काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

"मोठ्यानं बोल," म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."

दोन वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.