खबर पायी परत आणणारा

आमच्या ग्रुपचा ॲडमिन मेसेज अर्धा वाचून झाला की आधी चपला शोधायचा. उरलेला मेसेज वाटेत वाचायचा. बाकीचं जग बातमी आली की बोटानं पुढे ढकलतं. हा गृहस्थ उठून बातमीच्या घरी जायचा. कुठला पूल खचला असं कुणी टाकलं, की हा पुलावर. कुणाच्या म्हशीला दोन तोंडांचं रेडकू झालं, की हा गोठ्यात. तिथून आवाजी मेसेज यायचा, "मी गोठ्यात उभा आहो. तोंड एकच आहे. रेडकू दूध पिऊन राह्यलं. ज्यानं टाकलं त्यानं संध्याकायी दुकानात या."

नाव रशीद. लोणारजवळच्या बीबी गावच्या बाजारात गाद्या-रजया भरायचं त्याचं दुकान, घराणं पिंजाऱ्याचं. शाळेत आम्ही सगळे एका वर्गात होतो, म्हणजे मास्तरांच्या एका छडीखाली होतो असं म्हटलं तर जास्त खरं. मोठा झाल्यावर त्याच्या भुवयांत, मिशीत, कानांत कायम कापूस असायचा. हसला की उशी उसवल्यासारखा दिसायचा. मोबाइलच्या भोकांत तर इतका कापूस शिरला होता, की त्याचा फोन आला की आवाज रजईतून यायचा, आणि पौषात ऐकणाऱ्याच्या कानाला ऊब लागायची. यातलं निम्मं तुम्ही वजा करा. माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायची सवय बीबी ते मेहकर रस्त्यावर सगळ्यांना आहे, कारण त्या रस्त्यावर माझी काळीपिवळी जीप चालते आणि मी प्रवाशांना कंटाळू देत नाही.

आमच्यात पहिला मोठा मोबाइल रशीदनं घेतला, म्हणून तो ॲडमिन. ग्रुपचं नाव 'कापूस कट्टा'. सकाळी गुलाबाची फुलं, मग कुणाच्या कपाशीच्या पऱ्हाटीला किती पात्या, कुणाची शेळी हरवली, चिखलीची एसटी आज कुठं बंद पडली, कुणाच्या पोरीचं जमलं. घरात बायकोशी चार शब्द न बोलणारे आमचे दोस्त तिथं पहाटेपासून किलबिलाट करायचे. रशीद सगळं चालू द्यायचा. बातमी आली की मात्र एकच विचारायचा, "डोयानं पाह्यलं, का आयकलं?"

ऐकलं म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर शिक्षा ठरलेली होती. खबर परत आणायची. ती ज्या ज्या घरी पोचली त्या प्रत्येक घरी जायचं, दारात उभं राहून सांगायचं, की मी सांगितलं ते खोटं होतं, परत द्या. तेही पायी. एकदा मी म्हटलं, जीप उभी आहे, पाच मिनिटांत सगळं गाव फिरवतो. तर म्हणाला, "पाठवाले बोट लागलं न बे? मंग आणाले पाय लागू दे."

पहिली शिक्षा झाली ती आमच्या प्रकाश मास्तरला. वर्गात सगळ्यात हुशार, आता शाळेत विज्ञान शिकवतो. यानं टाकलं, की येत्या शुक्रवारी लोणारच्या सरोवरात पुन्हा एक उल्का पडणार. बीबीत नुसती धांदल. कुणी गच्चीवरची वाळवण आत घेतली, कुणी सासुरवाडीला निघालं, आणि मी काळीपिवळीवर पाटी लावली, 'उल्का स्पेशल'. शुक्रवारी सरोवरात पडली ती एका पर्यटकाची टोपी. शनिवारी मास्तर पायी निघाला. मास्तर दारात आल्यावर त्याला चहा न पाजता कोण सोडणार? प्रत्येक घरी माफी आणि प्रत्येक घरी चहा. संध्याकाळी मास्तर चालताना पोटातून रांजण हलल्यासारखा आवाज येत होता. त्यानंतर खिडकी उघडून सूर्य उगवला का ते पाहिल्याशिवाय त्यानं 'शुभ सकाळ' कधी टाकलं नाही.

माझी वेळ आली ती घाटातल्या वाघामुळं. मी ग्रुपवर टाकलं, की वळणावर वाघ आडवा आला, जीपच्या दिव्यात त्याचे डोळे टपोऱ्या बोराएवढे चमकले. रशीद दुकानातून उठून माझ्या ओसरीवर आला आणि चहाची बशी हातात घेऊन बसला. भांडला नाही, रागावला नाही. एक घोट घ्यायचा आणि एक प्रश्न विचारायचा. शेपूट केवढी होती? पट्टे होते का ठिपके? पळताना आवाज आला का? पहिल्या घोटाला वाघाचा बिबट्या झाला. दुसऱ्याला बिबट्याचं तडस. बशी संपेपर्यंत तिथं एक बोका उरला होता, आणि रशीदनं बशी खाली ठेवून माझ्याकडं नुसतं पाहिलं, तेव्हा मला कबूल करावं लागलं, की ते वाऱ्यानं उडालेलं खताचं पोतंही असू शकेल. दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन ते पोतं परत आणलं.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी बियाणं आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, की अळी आता पोरांच्या पुस्तकातच दिसेल. काही वर्षं तसं झालंही. त्या वर्षी मात्र बोंडं बाहेरून अशी टपोरी, हिरवीगार, की दृष्ट काढावी. आणि नखानं फोडलं, की आत गुलाबी अळी, जावई गादीवर लोळावा तशी लोळत पडलेली. ग्रुपवरची गुलाबाची फुलं बंद झाली. जो तो तळहातावर फोडलेल्या बोंडाचा फोटो टाकू लागला. खाली कुणी काही लिहायचं नाही. शेळी हरवली तरी कुणी सांगेना.

रशीदच्या दुकानातही तोच कापूस येत होता, पिवळा पडलेला, कवडी झालेला, हाताला ढेकळासारखा लागणारा. तो पिंजताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू ती अळी त्यानंच सोडली आहे. फोटो पाहून मला म्हणायचा, "हे सारे माह्याच ग्रुपवर रडून राह्यले, अन् मी नुसता पाहून राह्यलो."

अशात मलकापूरकडच्या त्याच्या साडभावानं त्याला एक व्हिडिओ पाठवला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस बादलीत दोन औषधं एकत्र ओततो, काडीनं ढवळतो, फवारतो, आणि पुढच्या दृश्यात तोच माणूस पांढऱ्याशुभ्र कापसात उभा राहून हसतो. अळी एका रात्रीत साफ, असं खाली लिहिलेलं. रशीदनं तो पुन्हा पुन्हा पाहिला. बादली पाहिली, फवारा पाहिला, कापूस पाहिला. आयुष्यभर ऐकीव गोष्टींना ज्यानं दारात उभं केलं नाही, त्याला ही गोष्ट ऐकीव वाटलीच नाही. सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला आणि मागोमाग त्याचा आवाज, "दोस्तांनो, हे मी माह्या डोयानं पाह्यलं."

ॲडमिननं पाहिलं म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? ज्यानं त्यानं मेव्हण्याला, साडूला, मामाच्या गावाला पाठवून दिलं. आमच्यातला दिगंबर कृषी केंद्र चालवतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्यानं दुपारी मोबाइल उघडला आणि त्याचा मेसेज आला, की ही दोन औषधं चुकूनही एकत्र करू नका, अळी मरायच्या आधी मारणारा पडेल. लागोपाठ सगळ्यांची उत्तरं आली, नाही मारलं, नाही मारलं. आमच्यातल्या एकट्या विष्णूचं उत्तर नाही. रशीदच्या मोबाइलवर व्हिडिओखाली विष्णूच्या नावापुढं वाचल्याच्या दोन निळ्या रेघा होत्या. दिगंबरच्या मोबाइलवर त्याच्या मेसेजखाली एकच करडी, न पोचल्याची. म्हणजे सकाळचं त्यानं वाचलं होतं आणि आता तो नाल्याकाठच्या शेतात होता, जिथं रेंज पोचत नाही.

रशीद गादीला टाके घालत होता. सुई तशीच गादीत सोडून तो बाजारातून पळत माझ्या जीपकडं आला. जीपमध्ये बसलेले प्रवासी मी खाली उतरवले. त्या दिवशी तो पायी चालण्याचं काही बोलला नाही.

विष्णू शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला होता. पाठीवर पंप तसाच. पंप गळका होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. ही मोहरी मी वाढवून सांगत नाही. रशीदनं पंपाचे पट्टे सोडले, सदरा फाडून काढला आणि विहिरीवरच्या बादल्यांनी त्याला आंघोळ घातली. आम्ही त्याला मागच्या बाकावर आडवं केलं. जीप कशी हाणली ते मला आठवत नाही. रशीद मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होता, "विष्ण्या, झोपू नको बे. माह्यासंगं बोल. शिव्या दे, पण बोल."

विष्णूनं वाटेत खरोखर दोन शिव्या दिल्या. नंतर मात्र त्याचा आवाज बंद झाला.

डॉक्टरांनी त्याला परत आणलं. उजव्या डोळ्यावर मात्र धुकं राहिलं, ते राहिलंच. विष्णू शुद्धीवर आल्यावर त्याच्या बायकोला रशीद सांगायला लागला, की वहिनी, हे मी केलं. ती बाई थकलेली होती. म्हणाली, "मले माहीत आहे भाऊजी. पण ते अजून लोकाच्या मोबाइलवर आहे न? तिथं जा. इथं मी आहो."

दुसऱ्या दिवशी रशीदनं दुकान बंद केलं आणि तो चालायला लागला.

ग्रुपवर प्रत्येकाला त्यानं एकच विचारलं, तू कुणाला पाठवलं? आणि मग एकेका गावाला निघाला. आम्ही म्हटलं, अरे, खोटं आहे असा मेसेज आपण टाकलाच आहे. तर म्हणाला, मेसेजवर मेसेज टाकणं म्हणजे डागावर चादर टाकणं आहे. मी जीप घेऊन त्याच्या मागं मागं जायचो. तो रस्त्याच्या कडेनं चालतोय आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या टाचांवर. लोकांना वाटायचं निवडणुकीचा प्रचार चालला आहे. दारात उभा राहून तो म्हणायचा, "मी रशीद, बीबीचा गादीवाला. खोटी खबर मी सोडली. माहा दोस्त मरता मरता राह्यला. ती दोन औषधं एका बादलीत टाकू नका." कुणी हसलं. कुणी म्हणालं, एवढ्यासाठी आलात? एका म्हातारीनं त्याला बसवून घेऊन त्याच्याकडून जुनी गादी उसवून भरून घेतली आणि वर सांगितलं, की तिच्या घरात मोबाइल कुणाकडंच नाही. एकानं दार लावलं. रशीद त्या दारापुढं बसून राहिला. शेवटी तो माणूस शेतात जायला बाहेर निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर पंप होता, आणि उघड्या दाराआडच्या कोपऱ्यात त्याच दोन बाटल्या. त्यानंतर मी जीप घरी ठेवली आणि त्याच्याबरोबर चालायला लागलो.

वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या गेल्या तरी त्याचं चालणं संपलं नव्हतं. छातीत कापसाची भुकटी आधीपासून होती, त्यात धुळीची भर पडली. तो खोकायला लागला की अख्खा बाजार थांबून वाट पाहायचा. पुढं फोमच्या गाद्या आल्या, दुकानात गिऱ्हाईक येईना, आणि त्याची मुलगी त्याला मलकापूरला घेऊन जायला आली. निघायच्या दिवशी स्टँडवर आम्ही सगळे जमलो. गाडीत बसायच्या आधी त्यानं मोबाइल काढला, मला ॲडमिन केलं आणि स्वतः ग्रुपमधून बाहेर पडला.

मी म्हटलं, "काऊन बे, तुले दुसरं कोणी नाही भेटलं? सारं बीबी मले थापाड्या म्हणते."

"म्हणूनच," तो म्हणाला. "मले खोटं बोलता येत नाही, म्हणून मले खोटं वयखता नाही आलं. तुले त्याचा दुरून वास येते."

एवढं बोलून तो गाडीत बसला, आणि थापाड्या ॲडमिन झाला. ही गोष्ट बीबीत अजून कुणी खरी मानत नाही.

तो व्हिडिओ मेला नाही. दरवर्षी बोंडं धरायला लागली, की अळीच्या आधी तो येतो. कधी खाली दुसऱ्याच कुणाचं नाव असतं, कधी मागं गाणं घातलेलं असतं. इस्त्रीचा शर्ट तोच, हसू तेच. तो ज्या गावाहून आला ते गाव विचारून घेतो आणि आम्ही निघतो. मास्तर असतो, मी असतो, आणि विष्णू असतो. मी बोलायला लागलो तर लोक करमणुकीला बसतात आणि मास्तर बोलायला लागला तर उठून जातात, म्हणून दारात आम्ही दोघं मागं थांबतो. विष्णू पुढं होतो. मान जराशी उजवीकडं वळवतो, म्हणजे समोरचा त्याला नीट दिसतो, आणि म्हणतो, "दादा, तुमच्या मोबाइलवर तो जो माणूस फवारा मारून हसून राह्यला न, त्याचं नाव कोणालेच माहीत नाही. माहं नाव विष्णू. तो फवारा मी मारला होता."