रजनी मॅडमने धरलेला डूख

रजनी मॅडमने एकदा डूख धरला की तो सुटत नाही. दिग्रसच्या बाजारात एक कापडाचं दुकान आहे. तिथला माणूस कधीकाळी तिच्या भावाला हसला होता, म्हणून ती आजही लग्नाकार्याचं कापड घ्यायला एसटीने पुसदला जाते. "अगं, तो गेला. आता त्याचा मुलगा बसतो गल्ल्यावर," असं मी एकदा म्हटलं. तर म्हणते, "नाक तेच हाये."

आमच्या शाळेत ती विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना अक्षरं नाचताना दिसतात, ज्यांना एका जागी बसवत नाही, ज्यांना बोलायला वेळ लागतो, ती सगळी तिची. त्यांना वेगळ्या खोलीत न्यायचं नाही, हा तिचा हट्ट. ती माझ्याच वर्गात येऊन त्यांच्या शेजारी बसते. चुळबुळ्याला फळा पुसायला उठवते, गोंगाटाने बिथरणाऱ्याला खिडकीजवळ बसवते, आणि मी कोणाला "गप्प बस" म्हटलं की मलाच डोळे वटारते. मुलांशी लोण्यासारखी मऊ, आणि मोठ्या माणसांशी अशी की विचारू नका.

हे सगळं तिच्या भावामुळे, अवधूतमुळे आलं. लहानपणी तो खेड्यातून बसने याच शाळेत यायचा. त्याला वाचता येत नसे. नीळकंठ सर तेव्हा मुख्याध्यापक होते. मोठे शिस्तीचे, गावात आजही लोक त्यांना वाकून नमस्कार करतात. तपासणी नेमकी कापसाच्या हंगामात यायची, आणि सरांनी त्यावर एक युक्ती काढली होती. जी मुलं साहेबांसमोर शाळेचं नाक कापतील, त्यांना त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतात कापूस वेचायला पाठवायचं. या प्रकाराला शाळेत 'वेचणी' म्हणत. अध्यक्षांच्या शेताचे आता प्लॉट पडलेत, कापूस कोणी वेचत नाही, पण शब्द टिकला. तपासणीच्या आदल्या दिवशी पालकांना आजही निरोप जातो, "उद्या तुमच्या मुलाची वेचणी." पालक समजतात आणि पोराला घरी ठेवतात. रजनी दरवर्षी यावरून भांडते, ऐकत कोणी नाही.

अवधूतला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. सरांनी फाटकातच त्याचं दप्तर काढून घेतलं, सगळ्या पोरांदेखत त्याच्या कमरेला वेचणीचं फडकं बांधलं आणि शेताकडे धाडलं. तो परत शाळेत आला नाही. आता शेती करतो, पोरंबाळं आहेत, पण शाळेची पायरी चढत नाही. मतदान केंद्र शाळेत असतं, म्हणून मतदानालाही जात नाही.

आणि गेल्या जूनमध्ये तेच नीळकंठ सर नातवाचा हात धरून आमच्या दारात उभे राहिले. आयुष नाव त्याचं. चौथीतला पोरगा, पण धड दोन ओळी वाचता येईनात, चिडला की चावायचा, वर्गातून पळून जायचा. दोन इंग्लिश शाळांनी त्याला घरी पाठवला होता. सर रजनीसमोर हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता तुमच्याशिवाय कोणी नाही." लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. त्यांनी ओळखायचं कारणच नव्हतं.

चहाच्या वेळी ती मला म्हणाली, "आला पाह्य, गौरी. आपल्या पायानं आला." तिचा चेहरा पाहून मी कप खाली ठेवला.

"पोरावर काढू नकोस हं."

"येडी हायेस का तू? पोराचा काय संबंध? पोराले तं मी असं शिकवीन, की त्याच्या आज्याले रोज दिसलं पायजे काय करता आलं असतं ते."

तिने अट घातली, पोरगा रुळेपर्यंत आजोबांनी वर्गात त्याच्याजवळ बसायचं. अट खोटी नव्हती, आयुषला ओळखीचं माणूस लागतच होतं. पण शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सर, आणि व्हरांड्यातून जाता-येता डोकावणारे त्यांचे जुने विद्यार्थी, हे दृश्य तिने जिलेबीसारखं चवीने खाल्लं. मलाही गंमत वाटली, खोटं कशाला बोलू?

आयुषवर तिने जीव ओतला. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून, उभ्याने, फेऱ्या मारत तो वाचू लागला. राग आला की चावण्याऐवजी बाहेर जाऊन हापशी मारून यायचं, असं ठरलं. दिवाळीनंतर त्याने एक अख्खा धडा वाचला. सरांनी रुमाल काढला. "मॅडम, आमच्या वेळी ही पद्धत असती तर..."

"पोरं तं तवाही होती, सर," ती म्हणाली.

मग तपासणी लागली. आमचे मुख्याध्यापक राजकुमार सर हे नीळकंठ सरांचेच विद्यार्थी. त्यांनी सवयीने सगळ्यांसोबत सरांच्या घरीही निरोप धाडला, "उद्या आयुषची वेचणी." नीळकंठ सर लालेलाल होऊन शाळेत आले. "माझ्या नातवाची वेचणी? पोरगा वाचून राह्यला आता!"

राजकुमार सर चाचरले. "सर, साहेबांसमोर चावला-बिवला तर? शाळेचं नाव जाईल. तुम्हीच तर आम्हाला..."

नीळकंठ सरांनी रजनीकडे पाहिलं. ती याच क्षणाची वाट बघत होती. "मी बसवतो त्याले," ती म्हणाली. "जबाबदारी माही. पण मंग सगळेच बसतील, एकही घरी राह्यनार नाही. आन् तुम्ही साहेबासमोर उभं राहून सांगायचं, हे कोनं काढलं आन् कोनाकोनाले पाठवलं."

"या वयात माझी अब्रू घेता?"

"हो."

सर तडक वर्गात गेले आणि आयुषला ओढू लागले. पोराने बाक सोडला नाही. सरांच्या मनगटाला कडकडून चावला आणि रडत ओरडला, "आबा, मले वाचाचं हाये उद्या!" सर दाताचे वण बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "येतो उद्या. सांगतो."

दुसऱ्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. आयुष फेऱ्या मारत वाचत गेला, दोनदा अडला, पण धडा संपवला. साहेबांनी टाळी वाजवली. मग नीळकंठ सर उठले. त्यांनी सगळं सांगितलं. साहेब खाली बघत ऐकत राहिले.

"नावं?" रजनीने विचारलं.

"देवीलाल. संघदीप. किसनसिंग."

"आनखी?"

सरांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "बाकीचे नाही आठवत. बरेच होते."

रजनी पांढरीफटक पडली. इतकी वर्षं तिने हा माणूस उराशी जपला होता, आणि त्याला अवधूत आठवतही नव्हता. मी तिला व्हरांड्यात गाठलं. "सांगून टाक ना नाव."

"नाही. सांगतलं तं तो सुटला. त्यालेच आठवू दे."

रविवारी मी तिच्यासोबत अवधूतकडे गेले. तूर सोंगणी चालू होती. तिने बांधावर उभं राहून सगळा पराक्रम त्याला ऐकवला. त्याने विळा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "बसला का तो पोट्टा वर्गात?"

"बसला. धडा वाचला."

"मंग झालं न, बाई."

"तुयं झालं असन, दादा. माहं नाही झालं."

आयुषला आता आजोबांची गरज नाही, तरी सर रोज येतात. एक नाव अजून राहिलंय, एवढंच तिने त्यांना सांगितलंय. मधल्या सुट्टीत तिच्यासमोर उभं राहून एखादं नवं नाव सांगतात. ती 'नाही' म्हणून मान हलवते. परवा त्यांना घाटंजीकडचा कोणी रामलाल आठवला.

"तो नाही," रजनी म्हणाली. "पन त्याचं घर माहीत हाये न? तं जा त्याच्या दारी, माफी मागाले. आन् उद्या दुसरं नाव घेऊन या."

सर काठी टेकत फाटकाबाहेर पडले आणि घाटंजीच्या बसची चौकशी करू लागले.