एक डोळा मिटून बघितलेली फरशी

आमच्या वाडीतल्या विहारात फरशी बसत होती. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून देखरेखही आपसूक माझ्याकडे आली. गवंडी वाडीतलाच. दाराशी उकिडवी बसून मी डावा डोळा मिटला आणि गवंडी बघतात तशी फरशीची रेघ बघितली. मधोमध वाकलेली.

"अरे, ही ओळ वाकडी गेली."

"काकी, सकाळपासून दोरी लावून बसलोय."

"मग दोरी वाकडी असंल."

तो हसला. "ताणलेली दोरी वाकडी कशी होईल गो? सुनेला विचार तुझ्या."

सून चहा घेऊन आली होती. म्हणाली, "सरळ हाय, आई."

त्यानं पुन्हा दोरी ताणली. मला दोरीच वाकडी दिसली. मग डावा उघडून उजवा मिटला, तर दोरी सरळ, फरशीही सरळ. चहा पिऊन उठले. त्या माणसाची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आमच्याकडे म्हातारीला कमी दिसायला लागलं की उत्तर ठरलेलं, मोतीबिंदू. आणि मोतीबिंदू म्हटला की तो पिकू द्यायचा, कच्चा काढायचा नाय. शेजारीण म्हणाली, "माझा दोन वर्षं पिकवला. आता सुईत दोरा ओवते." मीही पिकवायला घेतला. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता. तोच तर घात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो.

लावणी झाली, कापणी झाली. मुंबईचा मुलगा घरी आला. उजव्या डोळ्यानं त्याला बघितलं तर कान दिसले, शर्टाची कॉलर दिसली, आणि तोंडाच्या जागी धुरकट डाग. नजर हलवली की डागही हलायचा. ज्याच्याकडे बघावं त्याच्यावर जाऊन बसायचा. तेव्हा मात्र मी त्याला डोळ्याचं सांगितलं.

मुलानं महाडला नेलं. डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली, "आजी, मोतीबिंदू थोडासाच आहे. हा पडद्याचा आजार. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो, त्याचा मधला भाग वयानं झिजतो. वाचणं, चेहरा ओळखणं हे सगळं त्या भागाचं काम. उजव्यात तिथं नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरल्या. आता वण पडलाय."

"मग पिकल्यावर काढता येईल ना?"

"हे पिकत नसतं. रेघ वाकडी दिसली तेव्हाच आला असता, तर इंजेक्शन देऊन काही वाचवता आलं असतं."

रेघेचं मीच तिला सांगितलं होतं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

डाव्यातही झीज होती, पण कोरडी. ती कधीही ओली होऊ शकते, म्हणजे तिथंही पाझर सुरू होऊ शकतो, म्हणाली. ठार आंधळ्या होणार नाही, कडेचं दिसत राहील. म्हणजे भिंती दिसतील, माणसं नाय, असं मी मनात म्हटलं. मी शाळेत गेले नाही, अक्षरं मुलांच्या पाटीवर शिकले. वर्षावासात, पावसाचे तीन महिने, विहारात ग्रंथ मीच वाचते. तेवढ्यासाठी तरी तो एक डोळा मला हवा होता.

तिनं चौकोनांचा एक कागद दिला, मधे ठिपका. रोज चष्मा लावून, उजवा झाकून, डाव्यानं ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकली, चौकोन पुसला गेला, की लगेच यायचं. कागद फ्रिजवर चिकटवला. सून रोज चहाच्या आधी विचारायची, "परीक्षा दिलीत?" मी म्हणायचे, "पास."

एका सोमवारी ठिपक्याखालची रेघ थरथरल्यासारखी वाटली. पुन्हा बघितली तर सरळ. मंगळवारी ती सरळ होईना.

सून भाकरी थापत होती. म्हणाली, "रविवारी हे येतील, गाडीनं जाऊ. चष्मा पुसा जरा."

"दोनदा पुसला. भाकरी राहू दे. पोलादपूरला दहाची एसटी मिळंल."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

एसटीत मी उजव्या डोळ्यावर पदर धरून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत गेले. "आई, लोक बघतायत," सून म्हणाली. म्हटलं, बघू देत. महाड येईपर्यंत एका पाटीचं मधलं अक्षर मला लागलं नाही.

पाझर सुरू झाला होता. पहिलं इंजेक्शन झालं, अजून घ्यायची आहेत. किती दिसत राहील, ते डॉक्टरीणही सांगत नाही. हे सगळं मी जाड पेननं लिहितेय. एका ओळीत तीनच शब्द मावतात.